फादरांचा मेसेज, नंबर मात्र नवा

या वेळच्या सदरात चर्चच्या कचेऱ्या, फाब्रिका (चर्चची मालमत्ता व हिशेब सांभाळणाऱ्या समित्या), वाड्यांवरचे ग्रुप आणि त्यांचे मोबाइल यांविषयी आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत. शेवटचे पत्र एका देवस्थानातून आले आहे, तेही इथेच बसते. पत्रलेखकांची व गावांची नावे काढली आहेत.

प्रश्न : आमच्या फिर्गजेतल्या (पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या) बऱ्याच जणांना रविवारी फादरांच्या नावाने व्हॉट्सॲप मेसेज आला. फोटो फादरांचाच, नंबर अनोळखी. ‘माझा जुना नंबर बंद आहे. बांबोळीला एका पेशंटचे ऑपरेशन आहे, १५ हजार पाठवा, संध्याकाळी परत करतो.’ दोघांनी पाठवले. फादरांनी घाबरून आपले सगळे पासवर्ड बदलले. एवढे पुरे का? आणि पैसे परत मिळतील का?
— फोंडा तालुक्यातील वाचक

उत्तर : पैशांचे आधी सांगतो. अशा वेळी पहिला फोन १९३० या राष्ट्रीय नंबरवर करायचा. आधी फादरांना, मग खजिनदाराला, मग वाड्यावरच्या ग्रुपवर, असा फेरा मारत बसायचे नाही. चोर पैसे पहिल्या खात्यात ठेवत नाही. काही मिनिटांत ते चार-पाच खात्यांत फोडतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. १९३० वर तक्रार लागली की पैसे ज्या बँकांतून पुढे गेले त्यांना सूचना जाते आणि वाटेत जेवढी रक्कम अजून शिल्लक असेल तेवढी रोखून धरली जाते. म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. फोन करताना समोर ठेवा : व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, आपली बँक आणि ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर सविस्तर तक्रार नोंदवा आणि तिचा पोचक्रमांक जपून ठेवा. गोव्याचे सायबर गुन्हे पोलीस स्थानक रायबंदरला आहे. तिथे जाणे जमत नसेल तर जवळच्या पोलीस स्थानकात जा.

‘बँक भरून देईल’ या आशेवर मात्र राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातली तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवण्याची मुदत खातेदाराच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पाठवणाऱ्याने स्वतः पिन टाकला. तो फसून टाकला हे खरे, पण बँकेच्या लेखी व्यवहार त्याचाच.

आता पासवर्ड. ते बदलल्याने बिघडले काही नाही, पण या प्रकाराशी त्यांचा संबंध नव्हता. फादरांच्या फोनला कोणी हातही लावलेला नाही. फोटो चर्चच्या फेसबुक पेजवरून घेता येतो. लोकांचे नंबर ग्रुपमधून मिळतात, नाहीतर फेस्ताच्या (चर्चच्या वार्षिक उत्सवाच्या) स्मरणिकेतून, जिथे समितीतल्या प्रत्येकाचे नाव, पद आणि मोबाइल आपणच हौसेने छापतो. नव्या सिमवर तो फोटो लावला की झाले. फादरांनी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो फक्त ‘माय कॉन्टॅक्ट्स’ना दिसेल असे करावे. ज्यांना मेसेज आला त्यांनी आधी स्क्रीनशॉट घ्यावा, मग रिपोर्ट करून ब्लॉक करावे. हा क्रम उलटा झाला की पुरावा जातो, कारण रिपोर्ट करताना बरेच जण चॅटही पुसून टाकतात.

याच चेहऱ्याचा दुसरा आजार असतो आणि त्याचे औषध वेगळे. मेसेज फादरांच्या जुन्याच चॅटमध्ये, जुन्याच नंबरवरून आला असेल तर खरे खातेच चोराच्या हाती गेले आहे. हे बहुधा असे होते : ओळखीच्या माणसाकडून मेसेज येतो, ‘नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) नोंदणीचा सहा अंकी नंबर चुकून तुमच्याकडे आलाय, तो पाठवा.’ तो नंबर म्हणजे तुमच्याच व्हॉट्सॲपची किल्ली. (ओळखीच्या माणसाचे खातेही असेच आधी गेलेले असते.) अशा वेळी फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा टाकून आपला नंबर घालायचा आणि एसएमएसने आलेला सहा अंकी कोड टाकायचा. त्या क्षणी चोर बाहेर पडतो. त्यानंतर तुम्ही कधी ठेवलाच नव्हता असा पिन मागितला, तर तो चोराने लावला आहे. मग सात दिवस थांबावे लागते, पण तोपर्यंत तोही आत नसतो. खाते परत आले की ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधली सगळी यंत्रे काढा आणि सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन या वाटेने स्वतःचा पिन व ईमेल घाला. हे दोन मिनिटांचे काम आज ज्यांचे सगळे ठीक आहे त्यांनीच करायचे आहे.

रविवारी मिस्सेनंतरच्या (चर्चमधल्या उपासनेनंतरच्या) सूचनांत एक वाक्य वाचून दाखवावे : कचेरीतले कोणीही, फादरसुद्धा, व्हॉट्सॲपवर पैसे मागणार नाहीत. असा मेसेज आलाच तर कचेरीच्या लँडलाइनवर किंवा आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन करावा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर करू नये, तिथे चोरच बसलेला असतो. आवाज ओळखला म्हणून विश्वास टाकायचे दिवसही आता राहिले नाहीत. प्रवचनाचे व्हिडिओ यूट्यूबवर असले की त्यांतून आवाजाची नक्कल करता येते.

प्रश्न : फेस्त तोंडावर आहे. दानासाठी दारात आणि दोन्ही कपेलांत (छोट्या प्रार्थनामंदिरांत) क्यूआर कोड लावायचा आहे. सध्या खजिनदाराच्या स्वतःच्या फोनवरचा क्यूआर आहे. माणूस चोख आहे. तरी काही जण नाके मुरडतात. काय करावे?
— बार्देश तालुक्यातील फाब्रिकेचे सभासद

उत्तर : नाके मुरडणारे बरोबर आहेत, जरी त्यांचे कारण वेगळे असले तरी. प्रश्न खजिनदाराच्या सचोटीचा नाही. उद्या त्यांचा फोन हरवला, खाते काही कारणाने गोठले, ते आजारी पडले, तर चर्चचे दान त्यांच्या घरच्या पैशांत मिसळून बसते. शिवाय आयकर खात्याला ते दान त्यांचे उत्पन्न वाटू शकते.

खाते फाब्रिकेच्या नावाचेच हवे. बँकेकडून त्या खात्याचा मर्चंट क्यूआर मागून घ्या. सोबत बोलका स्पीकर मिळतो, तो नाममात्र भाड्याचा असला तरी घ्या. खात्याला जोडलेले सिम कोणाच्या खिशातले असू नये. कचेरीसाठी साध्या बटणाच्या फोनमध्ये वेगळे सिम घाला आणि तो फोन कपाटात ठेवा. बटणाच्या फोनवर ओटीपी वाचता येतो, पण ॲप घुसवता येत नाही. दर महिन्याला रिचार्ज करायला विसरू नका. बंद पडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातात. नेट बँकिंग असेल तर बँकेला लेखी कळवून दोन हातांची पद्धत लावून घ्या : एकाने रक्कम भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची. चेकवर दोन सह्या मागणारी फाब्रिका नेट बँकिंगचा एकच पासवर्ड तिघांत वाटून बसते, हे आम्हांला कधी उमगलेले नाही.

दारातल्या क्यूआरला मुख्य धोका स्टिकरचा. रात्री कोणीतरी येऊन तुमच्या कोडवर आपला कोड चिकटवून जातो. नुसता लॅमिनेट केलेला कागद असला तर सकाळी कळतही नाही, कारण सगळे क्यूआर दिसायला सारखेच. म्हणून कोड काचेच्या आत, मागून स्क्रूने बसवलेल्या चौकटीत ठेवा. त्याच्या खाली ठळक अक्षरांत लिहा : ‘स्कॅन केल्यावर या नावाचे खाते दिसेल’ आणि बँकेच्या नोंदीत आहे तसेच्या तसे नाव. यूपीआय ॲप पिन मागण्याआधी नाव दाखवते, पण काय दिसायला हवे हेच देणाऱ्याला माहीत नसेल तर त्या नावाचा उपयोग नाही. रोज सकाळी दार उघडणाऱ्याने प्रत्येक कोड एकदा स्कॅन करून नाव वाचावे. पैसे पाठवायची गरज नाही. दूरच्या कपेलात रोज जाणारे कोणी नसेल तर तिथे कोड लावूच नका, पेटी पुरे.

फेस्ताच्या दिवशी तंबोला, खाण्याचे स्टॉल, मिस्सेसाठी दिलेले पैसे, सगळीकडे एकच घोळ होतो : समोरचा ‘पेमेंट सक्सेसफुल’चा स्क्रीन दाखवतो आणि गर्दीत कोणी खात्री करत नाही. हुबेहूब तसा स्क्रीन दाखवणारी खोटी ॲप मिळतात. स्पीकर बोलला किंवा खात्यात जमा दिसली तरच पावती फाडा. स्टॉलवर बसणाऱ्या मुलांना आणखी एक सांगून ठेवा : पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘दान पाठवतोय, तुमचा पिन टाका’ असे कोणी म्हणाले की तो लुबाडतो आहे. एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे ही युक्ती थोडी लंगडी पडली. क्यूआर पाठवून ‘स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ सांगणारे अजून आहेतच.

तुम्ही विचारले नाही, पण गोव्यात हे सांगायलाच हवे. क्यूआरचा फोटो लंडन, लिस्बन, दुबईच्या ग्रुपांत फिरणार. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले दान विदेशी देणगी धरले जात नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आपलाच गाववाला मात्र कायद्याने विदेशी स्रोत ठरतो, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी आणि त्याने रुपयांत दिले तरी. ती देणगी घ्यायला एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. तेव्हा कोडखाली ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ असे छापा आणि कोडचा फोटो परदेशी ग्रुपांत टाकू नका.

प्रश्न : चर्चच्या खात्यात अनोळखी माणसाकडून ४० हजार जमा झाले. तासाभरात फोन आला, ‘चुकून शून्य जास्त पडले, माझे ४ हजारच दान. बाकीचे या नंबरवर परत करा.’ रडत होता. परत केले नाहीत तर पाप लागेल असे वाटते.
— सासष्टी तालुक्यातील वाचक

उत्तर : परत करायचेच आहेत, फक्त तुमच्या हाताने आणि त्याने दिलेल्या नंबरवर नाही. आधी खात्याचा उतारा पाहा, रक्कम खरोखर जमा आहे का. पुष्कळदा बँकेच्या नावाचा नुसता एसएमएस बनवलेला असतो. खरेच जमा असेल तर ते पैसे कोणा तिसऱ्याच फसलेल्या माणसाचे असू शकतात. तुम्ही ३६ हजार भलत्या खात्यात पाठवता आणि तो तिसरा माणूस तक्रार करतो. पोलीस पैशांचा माग काढत येतात तेव्हा चोरीच्या साखळीत चर्चचे खाते दिसते आणि ते गोठवले जाते. फेस्ताच्या आठवड्यात खाते गोठले तर मांडववाल्याला काय सांगणार?

शाखेत लेखी पत्र द्या : अमुक तारखेला अमुक यूटीआरने आलेली रक्कम आमची नाही, ती ज्या खात्यातून आली तिथेच परत करावी. पत्राच्या प्रतीवर शिक्का घ्या. फोनवाल्याला सांगा, ‘तुमच्या बँकेत तक्रार करा, आमच्या बँकेला आम्ही कळवले आहे.’ खरा असेल तर तो तेच करील.

प्रश्न : आमचे जीमेल, यूट्यूब चॅनल आणि फेसबुक पेज युवा गटातल्या एका मुलाने बनवले. तो आता बोटीवर असतो. परवा गूगलने ‘तुम्हीच आहात ना’ विचारले आणि कोड गेला त्याच्या जुन्या नंबरवर. नोव्हेनाचे थेट प्रक्षेपण बंद पडले. काय करावे?
— तिसवाडी तालुक्यातील पॅरिश कौन्सिलचे सचिव

उत्तर : गोव्यात ही घरोघरची गोष्ट आहे. मुलगा बोटीवर, आखातात किंवा इंग्लंडला जातो आणि संस्थेच्या किल्ल्या त्याच्या खिशातून जातात. हॅकर लागतच नाही.

आधी त्या मुलाला गाठा. तो ज्या लॅपटॉपवर किंवा फोनवर अजून लॉग-इन असेल तिथूनच सुटका सर्वांत सोपी. तिथून रिकव्हरी फोन व रिकव्हरी ईमेल बदलता येतात. असे यंत्र कुठेच उरले नसेल तर गूगलची अकाउंट रिकव्हरी कचेरीतल्याच संगणकावरून, नेहमीच्याच इंटरनेटवरून करून पाहा. गूगल ओळखीचे यंत्र आणि ठिकाण पाहते. सायबर कॅफेतून दहा वेळा प्रयत्न केल्याने उलट दार घट्ट होते.

खाते हाती आले की पुढचे काम एका बैठकीत उरका. कचेरीचे एक जीमेल ठेवा, रिकव्हरी फोन म्हणून कपाटातला तो बटणाचा फोन द्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. गूगल आठ अंकी दहा बॅकअप कोड देते, ते कागदावर छापून पाकिटात बंद करा आणि चर्चच्या तिजोरीत ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो, वापरला की त्यावर काट मारा. पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तर आठ अक्षरांच्या चिन्हाळ पासवर्डपेक्षा ते मोडायला कितीतरी अवघड. चर्चचे नाव आणि स्थापनेचे वर्ष घालू नका, ते दर्शनी भिंतीवर कोरलेले असते. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा नेम सोडून द्या. त्याने माणसे शेवटचा आकडा तेवढा बदलतात. कोणी पद सोडले किंवा गळती झाल्याची शंका आली तर मात्र त्याच दिवशी बदला.

यूट्यूबसाठी पासवर्ड वाटायची गरजच नाही. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘परमिशन्स’ आहे. तिथे कॅमेरा चालवणाऱ्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर एडिटर म्हणून घ्या. ते उद्या गेले तर एक नाव काढायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. प्रक्षेपणाची स्ट्रीम की (जिच्या जोरावर चॅनलवर थेट प्रक्षेपण करता येते तो गुप्त कोड) मात्र रिसेट करा, ती जुन्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये साठलेली असते. फेसबुक पेजवर पूर्ण अधिकार असलेली निदान दोन माणसे हवीत आणि दोघांच्याही खात्यांना टू-स्टेप.

चॅनल चालवणाऱ्यांना एक इशारा. ‘तुमच्या भक्तिगीतांना स्पॉन्सरशिप देतो, करार जोडला आहे’ अशा ईमेलमधली फाइल उघडली की ती ब्राउझरमध्ये साठलेली लॉग-इनची खूण, म्हणजे सेशन कुकी, उचलून पाठवते. चोराला मग पासवर्डही लागत नाही आणि टू-स्टेपही. एकदा आत आलेल्या माणसाचा बिल्ला त्याच्या हाती पडतो. म्हणून प्रक्षेपणाच्या लॅपटॉपवर ईमेल उघडायचे नाहीत.

प्रश्न : कोंफ्रारियाच्या (चर्चमधल्या भक्तमंडळाच्या) ग्रुपवर ‘नोव्हेना पुस्तिका’ नावाची फाइल आली. शेवटी एपीके असे होते. तिघांनी डाउनलोड केली, त्यांतल्या एकाने इन्स्टॉलही केली. पाठवणारा जुना सभासद आहे, तो म्हणतो मी पाठवलीच नाही.
— डिचोली तालुक्यातील वाचक

उत्तर : तो खरे बोलतो आहे. फाइल त्याच्या फोनमध्ये आधी शिरली आणि त्याच्या ग्रुपांत स्वतःला पाठवू लागली. त्याच्याही फोनवर खालचे सगळे करावे लागेल.

एपीके म्हणजे पुस्तक नव्हे, अँड्रॉइडचे ॲप. पुस्तिका पीडीएफ असते आणि पीडीएफ कधी ‘इन्स्टॉल करू का?’ विचारत नाही. ज्या दोघांनी नुसती डाउनलोड केली त्यांनी फाइल पुसून टाकावी, त्यांना धोका नाही. इन्स्टॉल करणाऱ्याने फोन फ्लाइट मोडवर टाकावा, वायफाय बंद आहे ना पाहावे आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावे. असे ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागून घेते आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे पाठवते. सिम बाहेर आले की तो पाझर आटतो. दुसऱ्या फोनवरून ##००२# डायल करा, म्हणजे चोराने लावलेले कॉल फॉरवर्डिंग रद्द होते. मग बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड तात्पुरते बंद करून घ्या. पैसे गेले असतील तर १९३०. इथे खातेदाराने व्यवहार केलेलाच नसतो, त्यामुळे बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवणे फार महत्त्वाचे.

ॲप नुसते काढून भागत नाही. काहींचे चिन्हच दिसत नाही, काही ‘अनइन्स्टॉल’ दाबू देत नाहीत, कारण त्यांनी डिव्हाइस ॲडमिन किंवा ॲक्सेसिबिलिटीचा अधिकार घेतलेला असतो. फोटो केबलने संगणकावर उतरवून घ्या आणि फॅक्टरी रिसेट करा. नंतर ॲप बॅकअपमधून परत आणू नका, प्ले स्टोअरवरून एकेक नव्याने घ्या.

प्रश्न : पोर्तुगालच्या कागदपत्रांसाठी एजंट बाप्तिस्म्याच्या नोंदवहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागतात. आम्ही देत आलो. आता सगळ्या वह्या स्कॅन करून संगणकावर ठेवायचे चालले आहे. हे सुरक्षित आहे का?
— एका चर्चच्या कचेरीतील कर्मचारी

उत्तर : पानाचा फोटो देणे आजच थांबवा. एका पानावर एकाच कुटुंबाची नोंद नसते. अर्जदाराबरोबर आणखी काही घरांची नावे, जन्मतारखा, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता असे सगळे त्या फोटोत जाते. आईचे माहेरचे आडनाव, जन्मतारीख आणि जन्मगाव या तीन गोष्टींवर आजही कितीतरी ठिकाणी फोनवर ओळख पटवली जाते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नोंदींना तर बाजारभाव आहे, कारण त्यांच्या मुला-नातवंडांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा त्यांवर उभा राहतो. दुसऱ्याच्या आजोबांची नोंद आपली म्हणून दाखवायची असेल तर आधी ती कुठेतरी पाहायला मिळायला हवी.

दाखला द्या, तोही सही-शिक्क्याचा, त्या एका व्यक्तीचा. अर्जदार स्वतः यावा, नाहीतर एजंटाने अर्जदाराचे सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत आणावी. कोणाला, कधी, कशाचा दाखला दिला याची वेगळी वही ठेवा.

स्कॅन करणे चांगलेच. पावसाळ्यातली ओल आणि वाळवी हॅकरपेक्षा जुने शत्रू आहेत. फक्त तीन प्रती ठेवा : एक कचेरीतल्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर. नेहमी चुकते ते हार्ड डिस्कच्या बाबतीत. ती संगणकाला कायम जोडून ठेवतात. खंडणीखोर व्हायरस शिरला की संगणकाबरोबर तिलाही कुलूप लावतो, आणि जूनमधली वीज कडाडली तर दोन्ही एकदम जळतात. आठवड्यातून एकदा जोडा, प्रत काढा, सोडवून कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा तिच्यावरच्या दोन-चार फाइली उघडून पाहा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी. संगणकावर आणि डिस्कवर बिटलॉकर (विंडोजमधले माहितीला कुलूप लावणारे साधन) लावता आले तर लावा, त्याची रिकव्हरी की छापून तिजोरीत. ती हरवली तर तुमच्याच वह्या तुम्हांला दिसणार नाहीत.

संगणक विंडोज १० वर असेल तर त्याचा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ चढत नसेल तर नोंदींचे काम त्या यंत्रावर इंटरनेट तोडून करा आणि ईमेलसाठी वेगळे यंत्र घ्या. झेरॉक्सवाल्याकडून फिरून आलेला पेन ड्राइव्ह तर मुळीच लावू नका.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशा साठ्यांनाही विचारात घेतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. दोत्रीनच्या (मुलांच्या धर्मशिक्षणाच्या) वर्गाची यादी नाव, जन्मतारीख आणि फोटोंसकट ग्रुपवर टाकायची सवय आताच सोडलेली बरी.

प्रश्न : आमच्या वाड्यावर एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना ‘पोलिसांचे’ व्हिडिओ कॉल येतात. मुले परदेशी. आम्ही भेटीला जातो तेव्हा त्यांना काय सांगावे?
— सेवाकार्य करणारी वाचक

उत्तर : ‘डिजिटल अटक’ असे कायद्यात काहीच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितले होते. पण कॉल चालू असताना हे वाक्य आठवत नाही, कारण कॉलवाला माणसाला विचार करू देत नाही. गणवेश, मागे पोलीस स्थानकाचा देखावा, ‘तुमच्या मुलाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले’, आणि मुख्य म्हणजे ‘फोन ठेवायचा नाही, कोणाला सांगायचे नाही’. ही शेवटची अट हीच खूण.

फोनशेजारी मोठ्या अक्षरांत कार्ड चिकटवा : ‘कोणाला सांगू नका म्हणाला? फोन ठेवा.’ त्याखाली एका शेजाऱ्याचा नंबर आणि १९३०. कोकणी वाचणाऱ्यांसाठी ते कोकणीत लिहा. मुलांशी बोलून घरात एक परवलीचा शब्द ठरवून द्या, ‘आई, मी अडकलोय, पैसे पाठव’ असा फोन आला की आजींनी आधी तो विचारावा. बँकेत सांगून यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या. मुदत ठेवी मोबाइलवरून मोडता येणार नाहीत अशी सोय बँकेकडे असेल तर तीही मागा. या फसवणुकीत ठेवी मोडायला लावतात.

प्रश्न : आमचे चर्च नाही, देवस्थान आहे, पण विचारतो. सीसीटीव्ही बसवणाऱ्याने ‘मोबाइलवर दिसेल’ म्हणून सगळे जोडून दिले. तोच पासवर्ड वायफायलाही आहे आणि जत्रेत तो शंभर जणांना दिला होता.
— पेडणे तालुक्यातील देवस्थान समितीचे सचिव

उत्तर : कॅमेऱ्यांना आस्तिक-नास्तिक कळत नाही, तेव्हा बिनधास्त विचारा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोरावर. ‘ॲडमिन’ आणि ‘१२३४५’ त्यांतच आले.

डीव्हीआरचा पासवर्ड बदला, राउटरच्या ॲडमिन पानाचाही बदला आणि वायफायचा तिसराच ठेवा. राउटरमध्ये डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद, सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३. जत्रेसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याचा पासवर्ड जत्रा संपली की बंद. कचेरीचा संगणक आणि कॅमेरे गेस्टवर कधीच नकोत. पोर्ट फॉरवर्डिंग लावले असेल तर काढून टाका, त्याने डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा पडतो.

एक गोष्ट आजच तपासा. मोबाइलवर दिसण्यासाठी बनवलेले क्लाउड खाते बहुधा बसवणाऱ्याच्याच नंबरवर असते. म्हणजे तुमच्या दानपेटीचे चित्र त्याच्या फोनवर चोवीस तास दिसते, आणि त्याने जुना फोन विकला तर घेणाऱ्यालाही. त्याला बोलावून डीव्हीआर त्याच्या खात्यातून काढून समितीच्या ईमेलवर जोडून घ्या. तो ‘आता नको, दुरुस्तीला लागेल’ म्हणेल. दुरुस्तीच्या दिवशी त्याला पाहुणा म्हणून प्रवेश देता येतो, काम झाले की काढून घ्यायचा.